नर बदकं कोंबड्यांच्या मागे, कोंबडा मुलीच्या अंगावर: आधी काय करावं, नंतर काय

तुमचा प्रश्न मी समजले तो असा. परसात ९ कोंबड्या, १ कोंबडा, ३ माद्या बदकं आणि २ नर बदकं. दिवसा सगळी एकाच जाळीत, रात्री एकाच खुराड्यात. गेले काही महिने सगळं सुरळीत चाललं होतं. दिवस मोठे व्हायला लागल्यापासून नर बदकं कोंबड्यांवर चढू लागली आहेत. एक कोंबडी लंगडते आहे, तिच्या शेपटीखाली रक्त दिसलं. एका मादी बदकाच्या मानेवरची पिसं गेली आहेत. आणि तुमच्या सहा वर्षांच्या मुलीने पिल्लापासून हातावर वाढवलेला कोंबडा, जो आता आठ महिन्यांचा आहे, पंधरा दिवसांत दोनदा तिच्याच पायांवर झेपावला. तुम्ही विचारता की हे आपोआप मिटेल का, आणि मिटणार नसेल तर कोणाला काढावं.

आपोआप मिटणार नाही. पण ही दोन दुखणी वेगळी आहेत आणि त्यांना एकच औषध लावलं तर दोन्ही चिघळतील. बदकांचा प्रश्न शरीराचा आणि संख्येचा आहे. तिथे शिकवून काही होत नाही, वेगळं ठेवणं हाच उपाय, आणि तो आज संध्याकाळच्या आत करायचा आहे. कोंबड्याचा प्रश्न वागण्याचा आहे. तिथे थोडे आठवडे प्रयत्न करायला वाव आहे, पण मुलगी त्या प्रयत्नांतून पूर्ण बाहेर राहिली तरच.

आधी बदकं. कोंबड्याला जुगण्यासाठी बाहेर येणारा अवयव नसतो. तो मादीच्या पाठीवर चढतो, शेपटी खाली वळवतो, आपलं छिद्र तिच्या छिद्राला क्षणभर टेकवतो आणि उतरतो. नर बदकाचं तसं नाही. पक्ष्यांमध्ये क्वचितच आढळणारा असा लांब, मळसूत्रासारखा पिळाचा अवयव त्याला असतो. जीवशास्त्रज्ञ पॅट्रिशिया ब्रेनन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ मध्ये बदकांच्या शरीररचनेवर केलेलं काम या क्षेत्रात फार महत्त्वाचं मानलं जातं. त्यात दिसलं की नराचा पीळ एका दिशेने आणि मादीच्या आतल्या मार्गाचा पीळ त्याच्या उलट दिशेने असतो, शिवाय मादीच्या मार्गात बंद टोकाच्या पिशव्या असतात. नको असलेल्या नराला अडवण्याची ही मादी बदकाच्या शरीराने केलेली तजवीज आहे. पुढच्या कामात मस्कोव्ही जातीच्या नरांवर त्यांनी मोजलं तेव्हा साधारण २० सेंटीमीटरचा अवयव सेकंदाच्या तिसऱ्या हिश्शाच्या आसपास वेळात पूर्ण बाहेर येतो असं आढळलं.

आता हे कोंबडीच्या संदर्भात विचारात घ्या. तिच्या शरीरात यातली कुठलीच तजवीज नाही. तिचा अंडं येण्याचा मार्ग आतून फाटू शकतो, जंतुसंसर्ग होऊ शकतो, तो मार्ग बाहेरही येऊ शकतो. वरून वजनाचा फरक. पेकिन जातीचा नर ४ किलोच्या आसपास भरतो आणि अंड्यांवरची कोंबडी बहुतेक वेळा २ किलोच्या आतबाहेर असते. नर बदक पायांनी धरून ठेवत नाही, चोचीने मानेची कातडी पकडतो आणि सगळा भार पाठीवर टाकतो. तुमची कोंबडी लंगडते त्याचं कारण हेच असण्याची शक्यता मोठी आहे. यातून पिल्लं होत नाहीत, फक्त इजा होते. ‘खेळतात बिचारे’ म्हणून मीही सुरुवातीच्या वर्षांत दुर्लक्ष केलं होतं आणि एक चांगली तलंग, म्हणजे तरुण कोंबडी, त्यात गमावली. वरून तिला काहीही झालेलं दिसत नव्हतं. दोन दिवस ती एका कोपऱ्यात पिसं फुलवून बसली आणि तिसऱ्या दिवशी गेली. तेव्हापासून माझा नियम पक्का आहे: माजावर आलेला नर बदक आणि कोंबड्या एका जाळीत ठेवायच्या नाहीत, मग तो कितीही शांत वाटो.

म्हणून आज संध्याकाळी दोन्ही नर वेगळे करा, दोघांना एकत्रच. नरांना एकमेकांची सोबत पुरते. माद्या आसपास नसल्या की दोन नर वर्षानुवर्षं एका जाळीत गुण्यागोविंदाने राहतात, कारण भांडायला कारणच उरत नाही. पहिल्या दिवशी थोडी छातीला छाती भिडवणं, मान धरून ओढाओढी होईल, तेवढं चालू द्या. मात्र रक्त आलं किंवा एकाला दुसरा खाऊ-पिऊ देत नसेल तर मधे या. जाळीची एक बाजू मूळ कळपाला लागून असेल तर खालच्या २ फुटांना फळी, पत्रा किंवा जाड गोणपाट लावा. समोर माद्या दिसत राहिल्या की नर दिवसभर कडेने फेऱ्या मारतात, पाय सोलवटून घेतात आणि राग एकमेकांवर काढतात. झोपायला प्रत्येकी निदान ४ चौरस फूट कोरडी जागा आणि डोळ्यांपर्यंत डोकं बुडेल एवढं खोल पाणी हवं. डोकं बुडवता आलं नाही तर बदकांचे डोळे आणि नाकपुड्या चिकटतात, विशेषतः चोचीच्या ओढाताणीत डोळ्याला मार बसला असेल तर.

कोणता नर, कोणती मादी याबद्दल शंका असेल तर आवाज ऐका. मोठ्याने, स्पष्ट ‘क्वॅक क्वॅक’ करते ती मादी. नराचा आवाज बसल्यासारखा, घोगरा असतो. बहुतेक जातींत मोठ्या नराच्या शेपटीवर एक-दोन पिसं वर वळलेली असतात. मस्कोव्हीत ते वळण नसतं आणि आवाजाचीही ही खूण लागू पडत नाही, पण तिथे नर मादीच्या जवळजवळ दुप्पट असल्याने ओळखायला अडचण येत नाही. हे सांगायचं कारण असं की मादी बदकंही कधीकधी एकमेकींवर चढतात. त्यात धोका नाही. पुष्कळ लोक गडबडीत चुकीचं बदक वेगळं करतात आणि त्रास तसाच चालू राहतो.

नर हलवले की त्याच रात्री, कोंबड्या दांडीवर शांत बसल्यावर, विजेरी घेऊन एकेकीला हातात घ्या. हे काम घाईने करू नका, कारण निम्म्या जखमा पिसांखाली असतात. डोक्याचा मागचा भाग आणि मान पाहा, तिथे चोचीची पकड असते. पंख उचलून बरगड्यांची बाजू पाहा. कोंबड्याच्या नखांनी आणि पायाच्या काट्याने तिथे कातडी उभी फाटते आणि वरून पिसं असल्याने आठवडाभर कळतही नाही. मग शेपटीखाली पाहा. सूज, वाळलेलं रक्त, दुर्गंधी, किंवा लाल ओलसर मांसल भाग बाहेर आलेला दिसला तर ती कोंबडी लगेच वेगळ्या खोक्यात, अंधाऱ्या उबदार जागी ठेवा. बाहेर आलेला भाग आपल्या बोटाने आत ढकलून मोकळं होऊ नका. स्वच्छ, ओलसर ठेवा आणि पशुवैद्याकडे न्या. रक्त दिसलेल्या कोंबडीला इतर कोंबड्या टोचतात, त्यात त्यांची दुष्टाई नसते. लाल रंगावर चोच मारणं हा त्यांचा स्वभाव आहे. म्हणून वेगळं करणं हा उपचाराचाच भाग समजा.

साध्या जखमा धुवायला १ लिटर उकळून कोमट केलेल्या पाण्यात ९ ग्रॅम मीठ पुरतं. भरपूर पाण्याने धुवा, चोळू नका. गरम दिवसांत जखमेवर माशी बसून अळ्या पडायला एक दिवसही पुरतो, तेव्हा सकाळ-संध्याकाळ उघडून पाहा. तुमची लंगडणारी कोंबडी रक्त दिसलेलीच आहे, तिच्याबाबतीत मी वाट पाहणार नाही. ती खात नसेल, जोर लावून बसत असेल किंवा पोट कडक लागत असेल तर उद्या सकाळीच दाखवा.

मादी बदकाची मान उघडी पडली आहे त्याचं कारण संख्या आहे. १ नरामागे निदान ४ ते ५ माद्या असाव्यात असा अनुभवी पाळणाऱ्यांचा हिशोब आहे, आणि तो कमीत कमी आहे. तुमच्याकडे २ नर आणि ३ माद्या. म्हणजे एका मादीला दिवसातून कितीतरी वेळा दोघांना तोंड द्यावं लागतं. पाण्यात तर हे जिवावर बेततं. बदकं पाण्यातच जुगणं पसंत करतात, चढलेल्या नराच्या भाराने मादी जवळजवळ पूर्ण बुडते, आणि एक उतरला की दुसरा चढतो. दमलेली मादी पाण्यातला पक्षी असूनही बुडून मरू शकते. ज्यांना हे अतिशयोक्तीचं वाटतं त्यांनी वसंतात एखाद्या तळ्यावर तासभर बसून पाहावं. रानबदकांमध्येही हेच चालतं, फक्त तिथे मादीला उडून जाता येतं. जाळीत तिला जागा नसते.

तेव्हा तुमच्या ३ माद्यांना आत्ता एकही नर नको. त्यांना ३ ते ४ आठवडे पूर्ण विसावा द्या. मुळापासून उपटलेली पिसं तेवढ्यात कोंब धरतात. मधेच तुटलेली, देठ कातडीत राहिलेली पिसं मात्र पुढच्या पीसझडीपर्यंत (जुनी पिसं गळून नवी येण्याच्या काळापर्यंत) येत नाहीत, म्हणून काही भाग उघडाच राहिला तर घाबरू नका. अंड्यांची काळजी करू नका. नर नसला तरी बदकं आणि कोंबड्या दोघीही अंडी देतात; नर फक्त पिल्लांसाठी लागतो. पुढे कधी पिल्लं हवी असतील तर एकच नर, तोही दोघांतला सौम्य, ठरावीक दिवस माद्यांत सोडता येईल, आणि तो परत हलवल्यावरही साधारण आठवडाभर अंडी फळतात. कायम सोबत ठेवायचं असेल तर माद्या वाढवा. नर तेवढाच ठेवून आणखी दोन-तीन माद्या आणल्या की फरक डोळ्यांनी दिसतो.

हा माज दिवसांच्या लांबीवर चालतो. दिवस मोठे होऊ लागले की पक्ष्याच्या मेंदूला उजेडाचा इशारा मिळतो, वृषणं कित्येक पटींनी वाढतात, टेस्टोस्टेरॉन हे नराचं संप्रेरक चढतं. पीसझडीच्या सुमारास ते उतरतं, नरांचा अवयवही आकसतो, आणि तोच नर पुन्हा ओळखू येणार नाही इतका गरीब होतो. पुष्कळ जण या काळात ‘सुधारला’ म्हणून त्याला कोंबड्यांत परत सोडतात. पुढच्या वसंतात पुन्हा तीच गोष्ट. तुमच्या खुराड्यात अंड्यांसाठी रात्री दिवा लावत असाल तर नरांच्या जागेत तो पडणार नाही एवढं पाहा, कारण कृत्रिम उजेडालाही त्यांचं शरीर तसंच उत्तर देतं.

एक जाता जाता: नराचा अवयव जुगल्यावर आत गेला नाही आणि लोंबत राहिला तर ती तातडीची वेळ आहे. वाळला, मातीने भरला की तो भाग मरतो. स्वच्छ पाण्याच्या टबात एकटा ठेवा आणि त्याच दिवशी पशुवैद्य गाठा. माद्या कमी आणि नर माजावर असले की हे जास्त होतं.

आता कोंबडा. मुलीने हातावर वाढवलेला आणि नेमका तिच्यावरच उलटला, याचं तुम्हाला आणि तिला किती वाईट वाटत असेल हे मी समजू शकते. पण यात कृतघ्नपणा नाही. रानात किंवा कळपात वाढलेलं पिल्लू माणसापासून अंतर राखायला शिकतं. हातावर वाढलेल्याला ते अंतर माहीतच नसतं, माणूस त्याच्या लेखी कळपातलाच एक असतो. लहान असताना याचा अर्थ ‘आई’ किंवा ‘सोबती’. वयात आल्यावर अर्थ बदलतो, ‘प्रतिस्पर्धी’ होतो. ऑस्ट्रियन शास्त्रज्ञ कोनराड लोरेंझ यांनी हंसांच्या आणि बदकांच्या पिल्लांवर दाखवलं की सुरुवातीच्या दिवसांत पिल्लू ज्याला पाहतं त्याचा ठसा त्याच्यावर बसतो; १९७३ मध्ये ज्या कामासाठी त्यांना नोबेल मिळालं त्यात हा अभ्यास होता. आणि हा ठसा पुढे जोडीदार निवडण्यावरही परिणाम करतो. एकट्याने हातावर वाढवलेलं नर बदक माणसाच्या बुटांवर चढतं ते यामुळेच. म्हणून पिल्लं कितीही गोंडस असोत, नर होण्याची शक्यता असलेल्याला मांडीवर कमी आणि भावंडांत जास्त ठेवा.

कळपातली उतरंड कशी ठरते हे १९२० च्या दशकाच्या सुरुवातीला नॉर्वेच्या थोर्लाइफ शेल्डरुप-एब्बे यांनी कोंबड्यांमध्येच पहिल्यांदा नीट मांडलं. कोण कोणाला टोचतो आणि कोण टोचून घेतो, यावर ती उभी असते. तुमचा कोंबडा सध्या ती उतरंड तपासतो आहे. पाच ते बारा महिने हा या बाबतीत सर्वांत अवघड काळ. मुलगी त्याला सोयीची वाटते कारण ती उंचीने लहान आहे, पळते आणि ओरडते. पळणं म्हणजे त्याच्या भाषेत हार, आणि हार मानणाऱ्याला पुन्हा हाकलायला तो परत येतो.

त्यामुळे पहिली गोष्ट, यात वाटाघाटी नाहीत: पुढचे आठवडे मुलगी जाळीच्या आत जाणार नाही. तुम्ही सोबत असलात तरी नाही. कोंबडा उडी मारतो तेव्हा पायाचे काटे त्याच्या डोक्याच्या उंचीच्या बरेच वर पोचतात, आणि सहा वर्षांचं मूल अंडी उचलायला वाकलं की तिथेच त्याचे डोळे असतात. काट्याची जखम बाहेरून टिंबाएवढी आणि आत खोल असते. साबणाने धुवा, धनुर्वाताची लस झाली आहे का पाहा आणि डॉक्टरांना दाखवा. घरात वयस्कर माणसं असतील तर त्यांनाही सांगा. २०१९ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या डॉक्टरांनी एका वृद्ध बाईंच्या मृत्यूची नोंद प्रसिद्ध केली. अंडी गोळा करताना कोंबड्याने पायाला चोच मारली, तिथे फुगलेली शीर होती आणि रक्तस्राव थांबला नाही. असं क्वचित घडतं. पण पायांवर फुगलेल्या शिरा असलेल्या माणसाने भांडखोर कोंबड्याजवळ उघड्या पायांनी जाऊ नये.

मुलीला बाहेरून करता येण्यासारखं काम द्या, म्हणजे तिला आपल्याला शिक्षा झाली असं वाटणार नाही. जाळीबाहेर बसून तिने त्याचं वागणं टिपावं. तो एक पंख खाली सोडून तिरका तिरका नाचत येतो का? मानेची पिसं छत्रीसारखी फुलवतो का? काही नसताना जमिनीवर चोच आपटतो का? मान खाली घालून एका डोळ्याने रोखून बघतो का? ही सगळी हल्ल्याआधीची भाषा आहे. पंख पाडून नाचणं कोंबडीसमोर केलं तर ती प्रियाराधना, माणसासमोर केलं तर आव्हान. ज्याला ही भाषा वाचता येते त्याच्यावर हल्ला अचानक होत नाही.

आत जायचं ते तुम्ही, मोठ्या माणसांनी. पूर्ण बाह्या, जाड विजार, गमबूट. हातात हलकी रुंद फळी किंवा बादलीचं मोठं झाकण. नेहमीच्या चालीने, कामाला आल्यासारखे चाला. त्याच्याकडे टक लावून पाहू नका, त्याला वळसाही घालू नका. तो समोर आला तर थांबा, फळी मधे धरा आणि उभे राहा. मागे हटू नका, पुढेही जाऊ नका. तो झेपावला तर फळीवर आदळेल. मारायचं नाही, लाथ तर अजिबात नाही. लाथ म्हणजे त्याच्या दृष्टीने तुम्ही झुंज स्वीकारली, आणि कोंबड्याच्या बरगड्या तुम्हाला वाटतात त्याहून नाजूक असतात. तो बाजूला बघेल, माती उकरू लागेल, दाणा शोधल्याचं दाखवेल, तोपर्यंत उभे राहा. हे दाखवणं म्हणजे त्याने विषय सोडला. मग तुमचं काम पुढे चालू करा. रोज दोनदा, शांतपणे, न चुकता, घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाने असंच वागायचं. एकाने हटायचं आणि दुसऱ्याने उभं राहायचं असं झालं तर तो हटणाऱ्याला लक्षात ठेवतो.

काही गोष्टी त्याला विनाकारण चिडवतात, त्या टाळा. त्याच्यासमोर कोंबडी पकडू नका. तिच्या ओरडण्यावर धावून येणं हे त्याचं कर्तव्य आहे आणि त्यासाठी त्याला दोष देता येत नाही. पकडायची कामं रात्री करा. फडफडणारा पदर, ओढणी, लांब घेर, नवे चमकदार बूट, खडखडणारी बादली यांवर काही कोंबडे तुटून पडतात. माझ्याकडच्या एकाचं एका विशिष्ट खराट्याशी वैर होतं. खराटा बदलला आणि निम्मे हल्ले थांबले.

कोंबड्याला जमिनीवर दाबून मान खाली धरून ठेवण्याचा उपाय पुष्कळ लोक सांगतील. मी तो करत नाही आणि करू नका असंच सांगेन. दोन कोंबड्यांची झुंज एक जण पळाला की संपते. हरलेल्याला धरून ठेवणं त्यांच्यात नसतं. दाबून धरलेल्या पक्ष्याला सुटकेची वाट दिसत नाही. तो निपचित पडतो ते भीतीने, मान्य केल्याने नव्हे. मी एकदा केलं होतं. त्यानंतर तो समोरून यायचा थांबला आणि पाठीमागून येऊ लागला, जे कितीतरी वाईट. उचलायचाच असेल तर रात्री दांडीवरून उचला, बगलेत घट्ट पण हळुवार धरा, पाच मिनिटं फिरा आणि परत ठेवा.

अशा रात्री त्याचीही तपासणी करून घ्या. वागणं अचानक बदललं असेल तर दुखणं असू शकतं: तळव्याला गळू, पिसांत उवा-पिसवा, एका डोळ्याने कमी दिसणं. एका बाजूने गेलं की दचकून हल्ला करणारे कोंबडे मी पाहिले आहेत आणि त्यांचा त्या बाजूचा डोळा अधू निघाला आहे.

पायाच्या काट्यांचं काम त्याच वेळी करा. काट्याच्या आत हाड आणि रक्तवाहिनी असते, वर नखासारखं टणक आवरण. फक्त टोकाचे काही मिलिमीटर कानशीने घासून बोथट करायचे, कापायचं नाही. टॉवेलमध्ये गुंडाळा, एकाने धरा, दुसऱ्याने घासा. रक्त आलंच तर मक्याचं पीठ दाबून धरा. उकडलेला गरम बटाटा काट्यावर खुपसून आवरण पिळून काढण्याची युक्ती फार प्रचलित आहे. त्याने कातडी भाजते आणि आतला कोवळा भाग उघडा पडतो. ती वापरू नका.

कोंबडा कोंबड्यांशी कसा वागतो हेही या दिवसांत पाहा, कारण निर्णय त्यावरही अवलंबून आहे. चांगला कोंबडा दाणा सापडला की ‘टुक टुक’ करत कोंबड्यांना बोलावतो आणि स्वतः मागे राहतो. घार दिसली तर एक आवाज, जमिनीवरून मांजर आलं तर वेगळा आवाज काढतो. जुगण्याआधी नाचतो, आणि कोंबडी निघून गेली तर जाऊ देतो. तुमच्याकडे १ कोंबड्यामागे ९ कोंबड्या आहेत, ८ ते १० हे प्रमाण ठीक समजलं जातं, म्हणजे संख्येची सबब इथे नाही. तरीही दोन-तीन लाडक्या कोंबड्यांच्या पाठी सोलल्या असतील तर त्यांना पाठीवर बांधायचं जाड कापडी आवरण शिवून घाला, आणि दर दोन दिवसांनी खाली उवा किंवा जखम नाही ना हे पाहा. न नाचता थेट कोंबड्यांना कोपऱ्यात गाठून मारणारा कोंबडा मात्र वेगळाच प्रकार. कॅनडातल्या ग्वेल्फ विद्यापीठात सुझान मिलमन आणि इयन डंकन यांनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासांत मांसासाठीच्या जातींच्या पैदाशीचे नर माद्यांवर असा हिंसक हल्ला करताना आढळले. लक्षात घेण्यासारखं म्हणजे झुंजीसाठी पैदास केलेल्या जातीचे नर, जे दुसऱ्या नरांशी कमालीचे भांडखोर असतात, ते माद्यांशी तसे वागले नाहीत. म्हणजे नराशी भांडणं आणि मादीला मारणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दुसरी माझ्या अनुभवात कधीच सुधारत नाही.

या सगळ्याला मी सहा आठवडे देते. तारीख भिंतीवर लिहून ठेवा, नाहीतर ‘अजून थोडे दिवस’ करत वर्ष जातं. सहा आठवड्यांत हल्ले कमी होत गेले, मोठी माणसं फळीशिवाय फिरू लागली, तर त्याला वर्षाचा होऊ द्या; काही कोंबडे तेव्हा खरंच निवळतात. पण मुलीसाठी जाळीचं दार तेव्हाही बंदच राहील. मोठ्यांना मानणारा कोंबडा लहानांना मानतोच असं नाही.

आणि हल्ले थांबले नाहीत तर? मुलं नसलेल्या, मोठ्या मोकळ्या जागेच्या घरी देऊन पाहता येईल, पण देताना तो अंगावर येतो हे स्पष्ट सांगून. लपवून दिलेला कोंबडा तिथल्या कुणाच्या तरी डोळ्यावर जातो. घेणारं कोणी मिळालं नाही तर त्याला दुःखाविना मारणं हा निर्णयही प्रामाणिक आहे. तो अनुभवी माणसाकडून किंवा पशुवैद्याकडून करून घ्या, पहिल्यांदाच स्वतः हात घालू नका. आयुष्यभर अरुंद पिंजऱ्यात एकट्याला कोंडून ठेवण्याला मी दया म्हणत नाही. मुलीला खरं कारण सांगा. त्या वयाची मुलं खरं ऐकून सावरतात, तो ‘हरवला’ असं सांगितलं तर शोधत बसतात. आणि त्याच्या अंड्यांवर खुडूक कोंबडी बसवू नका. स्वभावाचा काही भाग रक्तातून उतरतो, त्या कोंबड्यांची अंडी तो गेल्यावरही दोन ते तीन आठवडे फळलेली निघू शकतात.

कोंबडा गेल्यावर एखादी दांडगी कोंबडी महिनाभर त्याची जागा घेईल, इतरांना टोचेल, क्वचित आरवण्याचा प्रयत्नही करेल. ते ओसरतं. दुसरा कोंबडा आणायची घाई करू नका.

राहिली ती लंगडणारी कोंबडी. ती बरी झाली की थेट कळपात सोडू नका, दहा-बारा दिवस दूर राहिलेल्या पक्ष्याला बाकीचे परका समजतात. आधी तीन-चार दिवस तिचा पिंजरा जाळीच्या आतच ठेवा, म्हणजे सगळ्यांना ती दिसेल पण टोचता येणार नाही. मग एका संध्याकाळी अंधार पडल्यावर तिला दांडीवर तिच्या नेहमीच्या शेजारणीजवळ बसवा, आणि सकाळी उजाडायच्या आत तुम्ही तिथे हजर राहा, दोन जागी दाणे टाकून.